‘ठाणेकर’मधला कर नेमका कुठला?

तलावपाळी

परवा संध्याकाळी लेकीला क्लासवरून घेऊन मासुंदा तलावाच्या कडेने घरी येत होते. भोंगा लावलेली एक रिक्षा आमच्या पुढे हळूहळू चालली होती आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं, "सर्व ठाणेकरांनी आपला मालमत्ता कर मुदतीत भरावा." लेक तिसरीत आहे. दोन-तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "आई, मालमत्ता कर बाबा भरतात. ठाणेकर कोण भरतं?"

मी म्हटलं, अगं, तो कर वेगळा. तर लगेच, "वेगळा म्हणजे कुठला?" इथे मी अडले. माहेरच्या आडनावाच्या शेवटी कर, सासरच्या आडनावाच्या शेवटीही कर, आयुष्यभर तशीच सही करत आले, पण तो कर कुठून आला हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर घरपट्टीचं बिल काढलं आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. कर दिसेल तिथे गोल काढ म्हटलं. करदाता, करयोग्य मूल्य, सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर. मग आमचं आडनाव. मग खाली बारीक अक्षरातल्या सूचना, ‘भरणा करावा’, ‘अर्ज करताना’, ‘तक्रार करावयाची असल्यास’. एका पानावर १७ गोल झाले.

नंतर कोश उघडला. कर म्हणजे हात. कर म्हणजे किरण. हत्तीची सोंड. सरकारला द्यायचं देणं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसालाही कर म्हणतात. शिवाय ‘करणे’चा कर आहेच, आणि गावाच्या नावाला चिकटतो तो कर. हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत, की वेगवेगळे शब्द फिरत फिरत एकाच रूपाला येऊन थांबले? जाणकारांनी सांगा. मला तिला उत्तर द्यायचं आहे आणि ती विसरणाऱ्यातली नाही.

अमरपाठी

ताई, फार चांगला धागा काढलात. लेकीला सांगा, हा प्रश्न अमरकोश हा संस्कृत शब्दकोश रचणाऱ्या अमरसिंहालाही पडला होता. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग म्हणून भाग आहे, एका शब्दाचे अनेक अर्थ सांगणारा. आम्ही लहानपणी वडिलांसमोर मांडी घालून तो पाठ केला. त्यात आठ अक्षरांचा एक चरण आहे, "बलिहस्तांशवः कराः". बलि, हस्त आणि अंशु, हे कर शब्दाचे तीन अर्थ. बलि म्हणजे राजाला द्यायचा भाग, हस्त म्हणजे हात, अंशु म्हणजे किरण. तुमच्या यादीतले तीन अर्थ त्याने आठ अक्षरांत बसवले आहेत.

आता हे तिन्ही एका घरचे का? माझ्या समजुतीप्रमाणे घरं दोन आहेत, कारण धातू दोन आहेत. एक ऱ्हस्व कृ, म्हणजे करणे. दुसरा दीर्घ कॄ, म्हणजे विखुरणे, पसरणे, फेकणे. मराठीत दीर्घ कॄ आपण कधी लिहीत नाही, म्हणून तो विसरला जातो. पण त्याची लेकरं रोज भेटतात. किरण त्याचं. प्रकीर्ण, संकीर्ण, विकिरण ही सगळी त्याचीच.

हात हा पहिल्या घरचा. जो करतो तो कर. हत्तीची सोंडही त्याच घरची, कारण सोंड म्हणजे हत्तीचा हात. म्हणून तर हत्तीला करी म्हणतात आणि हस्तीही म्हणतात, दोन्हींचा अर्थ हात असलेला. किरण मात्र दुसऱ्या घरचा, सूर्याने चहूकडे विखुरलेला. राहिला सरकारी कर. मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात हाताचा कर ऱ्हस्व कृखाली आहे, आणि किरण व राजाचा कर हे दोन्ही दीर्घ कॄखाली एकाच नोंदीत आहेत. म्हणजे बिलावरचा कर आणि खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप सख्खी भावंडं, आणि पेन्सिल धरणारा हात त्यांचा कुणी नाही.

सूर्य आणि कर यांची जोडी आपल्या कवींना फार जवळची होती. रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात कालिदास दिलीप राजाबद्दल सांगतो, की तो प्रजेच्या भल्यासाठीच त्यांच्याकडून भाग घेई. सूर्य पाणी शोषून घेतो ते हजार पटींनी परत देण्यासाठी. तिथे शब्द कर नाही, बलि आहे. पण अमराचा चरण डोक्यात असला की सूर्याचे कर आणि राजाचा कर एकदमच दिसतात.

नाना_नौपाडा

मी ३१ वर्षं करवसुलीच्या टेबलावर काढली, म्हणून चार शब्द लिहितो.

काउंटरवर येऊन "मालमत्ता कर भरायचाय" असं म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला. सगळे म्हणणार, "साहेब, घरपट्टी किती झाली बघा." पाण्याची ती पाणीपट्टी. गावाकडे जमिनीचा तो सारा. नाक्यावरची ती जकात. पट्टी आणि सारा हे लोकांच्या तोंडचे, जकात आणि महसूल हे मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. कर हा शब्द होता तो पावतीवर, ठरावात, नोटिशीत. लोकांच्या बोलण्यात तो यायचा तेव्हा मी सावध व्हायचो. "आम्ही नियमित कर भरणारे नागरिक आहोत" असं वाक्य कानावर आलं, की समजायचं, आता रस्त्याची नाहीतर गटाराची तक्रार येणार. आणि बहुतेक वेळा ती तक्रार खरी असायची. घरपट्टी म्हणताना माणूस फक्त पैसे भरतो, कर म्हणताना हक्क मागतो. हा फरक मी इतकी वर्षं ऐकला आहे.

अजून एक. बिलावर ‘उपकर’ असा शब्द असतो. मुख्य करासोबत एखाद्या खास कामासाठी घेतात तो छोटा कर. एकदा एक आजी आल्या. एकट्या राहायच्या, बिल स्वतः वाचायच्या. चष्मा पुसून त्यांनी ‘शिक्षण उपकार’ असं वाचलं आणि मला विचारलं, "हे कुणाचे उपकार, बाळा? मी तर कुणाकडून काही घेतलं नाही." मी त्यांना काना नसल्याचं दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे. द्यायचं असेल तर देते, उपकार नकोत." अमरपाठींनी आत्ता दोन धातू सांगितले तेव्हा कळलं, की उपकार करणाऱ्या कृचा आणि उपकर विखुरणाऱ्या कॄचा. एका कान्यात घर बदलतं. आजींना तेव्हा हे सांगता आलं असतं तर त्यांना आवडलं असतं.

वऱ्हाडी_ऐरोली

सगळे पुल्लिंगी करावर लिहितायत म्हणून माझी बाईमाणूस कर घेऊन आलो. तो कर नव्हे, ती कर.

आमच्याकडे पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर. "करीला ये जेवायला" म्हणजे मटण आहे. पोळ्याच्या दिवशी बैल सजवलेले, पुरणपोळी, सगळं सोवळं. करीच्या सकाळी आई मसाला वाटायला बसायची, पाट्यावर, आणि गल्लीभर वास. नागपुरात त्याच दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन. इथे ऐरोलीत येऊन सोळा वर्षं झाली, सेक्टरमधल्या कुणाला कर म्हटलं की त्यांना टॅक्स आठवतो.

संक्रांतीची कर तर साऱ्या महाराष्ट्राची. भोगी, संक्रांत आणि मग कर, तिलाच किंक्रांत म्हणतात. त्या दिवशी शुभकाम काढत नाहीत, लांबच्या प्रवासाला निघत नाहीत. कॅलेंडरमध्ये बघा, होळीच्या दुसऱ्या दिवशी धुळवडीच्या चौकटीत बारीक अक्षरांत ‘करिदिन’ छापलेलं असतं.

रूप चालवून बघितलं तरी वेगळेपण कळतं. टॅक्सचा तो कराला, करात, करामुळे. सणाची ती करीला, करीच्या दिवशी. ताई, लेकीला हे नक्की दाखवा. पोरांना शब्द ऐकून कळत नाही तेव्हा चालवून कळतो.

तलावपाळी

नाना, आजींचा किस्सा वाचून बिल पुन्हा काढलं. कानामात्रा बघून वाचलं. आणि दादा, करीला करीला म्हणत लेक घरभर फिरतेय. आज रात्री मटण आहे अशी तिची समजूत झालीय.

पूर्वा_वाशी

माझ्या वडिलांसह ते चार भाऊ. मोठे दिनकरकाका, मग मधुकर म्हणजे माझे बाबा, मग रत्नाकरकाका, धाकटे पद्माकरकाका. आजोबांनी हौसेने कर-कर जुळवून नावं ठेवली होती. घरात चार चहाचे कप चार कर म्हणूनच भरायचे. या चौघांत कुठला कर आहे? हात, किरण, की आणखी काही?

अमरपाठी

पूर्वाताई, तुमच्या आजोबांची जुळणी ऐकायला सुरेख आहे, पण व्याकरणात चौघे भाऊ दोन-दोन असे वाटले जातात.

दिनकर म्हणजे दिवस करणारा. मधुकर म्हणजे मध करणारा, भुंगा. हे कृचे. दिवाकर, निशाकर, प्रभाकर, भास्कर ही नावं कशी होतात यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रच दिलं आहे, तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं २१वं. त्याच सूत्रात लिपिकर, चित्रकर, क्षेत्रकर असेही शब्द सिद्ध होतात. लिपिकर म्हणजे लिहिणारा, क्षेत्रकर म्हणजे शेत करणारा. शंकरही असाच, शम् म्हणजे कल्याण, ते करणारा.

रत्नाकर आणि पद्माकर यांत मात्र कर नाहीच! तिथे आकर आहे. आकर म्हणजे खाण, साठा. रत्न अधिक आकर, रत्नांची खाण, म्हणून समुद्र. पद्म अधिक आकर, कमळांचा साठा, म्हणून कमळांनी भरलेलं तळं. गुणाकर म्हणजे गुणांची खाण. संधीत दोन अ-कार मिळून आ झाला आणि आकरचा आ शेजारच्या शब्दाने गिळला, म्हणून आपल्याला शेवटी नुसता कर ऐकू येतो.

सुधाकर दोन्ही बाजूंनी सुटतो. सुधा अधिक आकर म्हटलं तर अमृताची खाण, सुधा अधिक कर म्हटलं तर ज्याचे किरण अमृताचे तो. दोन्हीकडून चंद्रच. आणि हिमकर म्हणजे ज्याचे किरण थंड, तोही चंद्र, तिथे नक्की किरण.

पूर्वा_वाशी

पद्माकरकाका आता ७८ वर्षांचे आहेत, तुर्भ्याला असतात. आत्ता फोन करून सांगितलं, काका, तुमच्या नावात कर नाही, तळं आहे. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांची नोकरी ठाण्याला होती. मी झालो तेव्हा घर सिद्धेश्वर तलावाजवळ होतं." पुढे त्यांना बोलवेना. मीही फोन ठेवला.

धन्यवाद अमरपाठी. मनापासून.

कोलशेत_रोड

मी असं ऐकलं आहे की ज्यांच्या आडनावात कर येतो ते पूर्वी त्या गावचा कर गोळा करणारे होते. म्हणजे ठाणेकर हे मूळ ठाण्याचा कर वसूल करणारे. हे खरं असेल तर लेकीचं उत्तर सोपं आहे. तिचा पहिला अंदाजच बरोबर ठरतो.

नाना_नौपाडा

कोलशेत, ही समजूत मीही ऑफिसात पुष्कळांकडून ऐकली. मला ती पटत नाही. वसुलीची आणि हिशेबाची कामं करणाऱ्यांना आपल्याकडे नावं ठरलेली होती. गावाला पाटील आणि कुलकर्णी, वर परगण्याला देशमुख आणि देशपांडे. कुणालाही गावाच्या नावाला कर जोडून वसुलीचा हुद्दा दिला नव्हता. आणि एका गावात वसूल करणारं घर एखाद-दुसरं, पण कर लावणारी घरं त्याच गावची पन्नास. एवढे वसूल करणारे असते तर गाव कुणी नांगरलं असतं?

शिवाय आपल्या डोळ्यांसमोरची उदाहरणं पाहा. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्या गावावरून आंबडवेकर, त्याचं पुढे आंबेडकर झालं. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं. यात वसुलीचा काही संबंध नाही, फक्त गाव आहे.

कोलशेत_रोड

पटलं नाना. मी हे एका लग्नात ऐकलं होतं आणि तेव्हापासून दोघा-तिघांना सांगितलं. त्यांना आता दुरुस्ती कळवतो.

अमरपाठी

नानांच्या म्हणण्याला व्याकरणाचा टेकू देतो. गावाला लागणारा कर हा कृच्या घरचा आहे. त्याचे भाऊबंद मराठीभर पसरलेत. शेतकरी, वारकरी, टाळकरी, मानकरी यांतला करी तोच. संस्कृतातला कार हा त्यांचा थोरला, ग्रंथकार, चित्रकार यांतला. त्याची मराठी घडण तर आपण ओळखतही नाही. कुंभकारचा कुंभार झाला, सुवर्णकारचा सोनार, लोहकारचा लोहार, चर्मकारचा चांभार. क झिजून गेला आणि शेवटी नुसता आर उरला. कोकणीत मात्र काना शाबूत आहे, तिथे गोंयकार म्हणतात. म्हणजे ठाणेकर, शेतकरी आणि कुंभार हे तिघे एका मुळाचे. घरपट्टीच्या करापेक्षा कुंभार ठाणेकराला जवळचा.

मालवणी_खाजं

अमरपाठींनी कोकणीचं नाव काढलं म्हणून लिहिते. आमच्या सिंधुदुर्गात गावकर हे नुसतं आडनाव नव्हे, मान आहे. देवळात गाऱ्हाणं घालायचं तर पुढे गावकर उभा राहणार. तो "बा देवा महाराजा" म्हणून सुरुवात करतो आणि प्रत्येक वाक्यावर मागची सगळी माणसं "व्हय महाराजा" म्हणतात. शाळेला सुट्टी पडली की आम्ही ठाण्याहून जायचो. माझा लहान भाऊ तर इथे वर्तकनगरच्या खोलीत आईने काही सांगितलं तरी "व्हय महाराजा" म्हणायचा.

गोव्यात तर गांवकार म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसवलं, शेतं उभी केली त्यांचे वंशज. जमीन सगळ्यांची सामाईक, कारभार गांवकारांचा, त्यालाच गांवकरी म्हणत. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था चालू होती, त्यांनी तिला कोमुनिदाद म्हटलं. म्हणजे गाव करणारा तो गावकर, हा अर्थ आमच्याकडे अगदी सरळ लागतो. रान तोडलं, बांध घातले, गाव केलं.

मग ठाणेकर म्हणजे ठाणे करणारे? मला हे वाचायला आवडेल.

भूमिपुत्र_घणसोली

मालवणी ताई, तुमचं वाचून बरं वाटलं, पण आमच्या बाजूची गोष्ट उलटी आहे, ती सांगतो.

मी घणसोलीचा, आगरी. आमच्या गावठाणात आडनावं बघा. म्हात्रे, पाटील, भोईर, ठाकूर, मढवी, केणी. कर शोधून सापडत नाही. पिढ्यान् पिढ्या मिठागरं केली, भातशेती केली, खाडीत मासे धरले, आणि तरी कुणी घणसोलीकर म्हणून घेतलं नाही. का घेतील? गावात सगळेच घणसोलीचे. गावाचं नाव ओळख म्हणून लागतं ते गाव सोडून गेल्यावर. रत्नागिरीतला माणूस मुंबईत आला, गिरणीत लागला, तेव्हा त्याला विचारलं, कुठला? तिथे त्याचं गाव त्याच्या नावाला चिकटलं.

आमचे गावान बाहेरच्या कुणी विचारलं तर आम्ही ‘चा’ लावतो. घणसोलीचा, दिवाळ्याचा, तळवलीचा. माझी आजी दिवाळ्याची होती, साठ वर्षं घणसोलीत नांदली, मरेपर्यंत बाया तिला दिवाळ्याचीच म्हणत. ‘चा’ आणि ‘ची’ मध्ये माणूस गावाचा असतो, गावाच्या मालकीचा. मला हा शब्द कर पेक्षा जवळचा वाटतो, कारण आमचं गाव आमच्याकडून सुटायला आलं होतं. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, झाली. ९५ गावांच्या जमिनी नवीन शहरासाठी ठरल्या. माझ्या वडिलांनी शेतात भाताऐवजी रस्त्याची खडी पडलेली पाहिली. १९९२ला महानगरपालिका आली. आज माझा मुलगा कॉलेजच्या फॉर्मवर अभिमानाने नवी मुंबईकर लिहितो. तो घराच्या ओट्यावरून हललेला नाही, शहर त्याच्याभोवती आलं, आणि कर त्याला घरबसल्या लागला. मी त्याला अडवत नाही. पण आजी असती तर तिने विचारलं असतं, तू कुठं गेलतास, म्हणून तुला कर लागला?

मालवणी_खाजं

दादा, हे असं मी कधी बघितलंच नव्हतं. आमच्या वाडीतही खरं तर तसंच आहे. वाडीत आम्ही आडनावाने नाही, घराच्या नावाने ओळखले जातो. कर लागतो तो ठाणे स्टेशनात उतरल्यावर.

पूर्वा_वाशी

नवी मुंबईकर वरून माझी एक जुनी अडचण. पुरुषाला आपण नवा मुंबईकर म्हटलं तर तो मुंबईत नव्याने आलेला, आणि नवी मुंबईकर म्हटलं तर वाशी-नेरूळचा. फरक लगेच कळतो. पण मी बाई. मी ‘नवी मुंबईकर’ लिहिलं की मुंबईत नवीन आलेली बाई असाही अर्थ होतो. माझा जन्म वाशीचा! म्हणून मी नवीमुंबईकर असं जोडूनच लिहिते. कर पूर्ण नावाला लागायला हवा, शेवटच्या तुकड्याला नको.

अमरपाठी

जोडून लिहिणं योग्यच आहे, सामासिक शब्द आहे तो. आणि कर लागताना गावाचं नाव कसं बदलतं हेही लेकीला करून बघायला द्या. कळवा, पण कळवेकर. गोवा, पण गोवेकर. सातारा मात्र सातारेकर होत नाही, सातारकर होतो. ठाणे जसंच्या तसं राहतं. कोणी तिला नियम विचारला तर म्हणावं, आधी कान लावायचा.

ऐरोली_पूल

नानांचं पट्टी आणि कर वाचून एक भर. नाक्यावर पाटी असायची पथकर नाका, आणि तोंडात टोल. पथकर भरला असं म्हणणारा मला भेटलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांचा पथकर बंद झाला, त्यात ऐरोली, वाशी आणि मुलुंड आले. पहिल्या रात्री मुद्दाम गाडी घेऊन गेलो होतो. चौदा वर्षं तिथे काच खाली करून हात बाहेर काढायची सवय. त्या रात्रीही काच खाली झालीच, हात बाहेर गेलाच. अमराने हात आणि कर एका ओळीत का बसवले ते मला तिथल्या आठवणीवरून कळलं.

चेंदणी_बंदर

कर दिसतो पण नाही, अशा शब्दांची यादी कुणीतरी करायला हवी. मी सुरू करतो. नोकर हा मूळ मंगोल शब्द, नोकोर म्हणजे साथीदार, फारसीतून आला. चाकर आणि लष्कर फारसी. करार, कर्ज, करामत अरबी. यांचा हाताशी किंवा करण्याशी काही संबंध नाही.

आणि एक घरचा. लहान बाळाच्या कमरेला काळा दोरा बांधतात तो करदोडा, आमच्याकडे करगोटा. मला वाटायचं, कर म्हणजे हात, मग हातातला दोरा कमरेला कसा? आमची आजी त्याला कडदोरा म्हणायची, तिथे उलगडलं. कटि म्हणजे कंबर, त्याचं झालं कड. कडेवर घेतो ती कड तीच. कडदोरा म्हणजे कमरेचा दोरा. बोलता बोलता ड आणि र यांनी जागा बदलल्या, करदोडा झाला. उलट करवतीत खरोखर हात आहे. संस्कृत करपत्र, हाताने चालवायचं पातं, त्याची करवत. बाळाच्या कमरेला हात नाही आणि सुताराच्या करवतीत हात आहे.

नाना_नौपाडा

कडेवर घेण्याची कड! हे मी आज नातवाला कडेवर घेऊनच वाचलं.

तलावपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बिल घेऊन आम्ही दोघी पुन्हा बसलो. या वेळी रंगीत पेन्सिली घेतल्या. सरकारी करांना पिवळा, कारण किरणांचे भाऊ. ‘करावा’, ‘करताना’ यांना निळा. आडनावाला तिने आधी निळा दिला, कारण अमरपाठी आजोबांनी कृ सांगितला. मग घणसोलीच्या काकांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. बराच वेळ ऐकत होती. मग निळ्यावरून हिरवा फिरवला आणि म्हणाली, "हा गावाहून आलेला." आमचं गाव देवगड तालुक्यात, तिने ते दोनदाच पाहिलंय.

एक गोल उरला. बिलाच्या मागे भरणा केंद्रांची यादी असते तशी एका जुन्या नवी मुंबईच्या पावतीमागेही आहे, माझ्या भावाची पावती घरात पडली होती. त्यात नेरूळजवळचं करावे गाव आहे. तिने तिथे गोल काढला आणि कुठला रंग द्यायचा ते कळेना. शिवाय विचारतेय, करावे गावचा माणूस म्हणजे करावेकर का? आणि तो कर भरायला गेला तर त्याला काय म्हणतील? भूमिपुत्र दादा, हे तुम्हीच सांगा.

भूमिपुत्र_घणसोली

माझी मोठी बहीण करावे गावात दिली आहे, म्हणून खात्रीने सांगतो. तिला म्हणावं, रंग देऊ नको, तसंच ठेव. आणि करावेकर नाही गं पोरी. आम्ही म्हणतो, कराव्याचा.